इरासेमाची मुकी

सीमेवरच्या रिवेरा गावातल्या सहकारी दवाखान्यात इरासेमा बेंतांकोर टेलिफोनवर बसायची, तेव्हा तिचा आवाज साऱ्या गावाला ठाऊक होता. डॉक्टर कुठे गेलेत, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्यात, कोणता सर्जन फोन वाजला की मुद्दाम अंघोळीला जातो, हे सगळं तिला विचारायचं. पुढे टेलिफोनचा बोर्ड गेला, फोन आपोआप जोडले जाऊ लागले, आणि इरासेमाचं करायचं काय असा प्रश्न उभा राहिला. तिला काढून टाकायची कुणाची छाती नव्हती. मग मागच्या अंगाला, कॉम्प्युटर विभागात, तिला एक खिडकी दिली आणि सांगितलं, "खाती उघडत जा."

काम ऐकायला सोपं होतं. नवा माणूस कामावर आला की आस्थापना विभाग त्याचं नाव आपल्या नोंदीत घालायचा. पगाराचं आणि तपासण्यांचं सॉफ्टवेअर शहाणं होतं; आस्थापनेत नाव आलं की ते आपलं आपण उचलायचं. औषधांचं सॉफ्टवेअर मात्र हटवादी. राजधानीतल्या एका कंपनीनं ते केलं होतं आणि त्याला बाहेरून कुणी काही सांगू शकत नसे. माणसानं स्वतः आत जायचं, 'नवीन वापरकर्ता' दाबायचं, नाव, ओळखपत्राचा क्रमांक, वॉर्ड, हुद्दा भरायचा, दाबायचं, थांबायचं, पुन्हा दाबायचं. माणूस गेला की तीच यातायात उलटीकडून.

कायम नोकरांचं यात काही अडत नव्हतं. ते एकदा येत आणि केस पांढरे होईपर्यंत राहत. अडायचं बदली नर्सचं. तिला सकाळी फोन जायचा आणि दुपारी ती वॉर्डात उभी. कंत्राट शनिवार-रविवारचं. तिचं खातं उघडून होईतो ती घरी गेलेली असायची आणि बंद होईतो परत आलेली.

वॉर्डानं यातून आपली वाट काढली होती. जिथे एका तुंब्यातून, एकाच नळीनं सगळे येर्बाच्या पानांचा कडू काढा पितात, तिथे पासवर्ड एकट्याचा कसा राहील? कायम नर्स आपल्या नावानं सॉफ्टवेअर उघडून ठेवायची आणि ते नाव तुंब्यासारखं हातोहात फिरायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

नाइर सिल्वेरा ही अशीच एक बदली नर्स. आई रस्त्याच्या त्या बाजूची, म्हणजे दुसऱ्या देशातली, बाप या बाजूचा. त्यामुळे नाइर दोन्ही भाषांत भांडू शकायची. थर्मास काखेत धरून ती खिडकीशी यायची.

"काय ग इरासेमा, आज मी आहे का?"

"नाहीस. सोमवारी होशील."

"म्हणजे आजही भूतच. बरंय बाई, भुताचे पाय दुखत नाहीत."

"उलटे असतात ते. जपून चाल."

दोघी हसायच्या. पण अतिदक्षता विभागात एक कायम जागा निघाली आणि हसणं सरलं. नाइरनं अर्ज केला. पगाराच्या नोंदीत तिचे दिवस होते, पण दिवस काय, सगळ्यांचेच होते. निवड समितीला पाहायचं होतं की गंभीर रुग्णांचं काम कुणी खरोखर केलं आहे, आणि ते पाहायची जागा म्हणजे औषधांचं सॉफ्टवेअर. तिथे नाइरच्या नावावर एक सुईसुद्धा नव्हती. इतक्या वर्षांची तिची सगळी इंजेक्शनं, सगळी सलाइनं दुसऱ्यांच्या नावावर टोचली गेली होती. जागा भलतीलाच मिळाली.

नाइर रडली नाही. खिडकीशी आली आणि म्हणाली, "चांगली पोरगी आहे ग ती. हात जरा थरथरतो. शिकवीन मी तिला." मग जराशानं, "वसंतात म्हातारी ओफेलिया निवृत्त होतेय. आणखी एक जागा निघेल."

"मग?"

"मग काय? तोवर जन्माला घाल मला."

इरासेमानं त्याच दुपारी कंपनीला फोन लावला. पेद्रागोसा नावाचा त्यांचा माणूस होता, बोलायला गोड. "तशी सोय आहे हो बाई. आस्थापनेतून नावं थेट आत घ्यायचं दार आहे आमच्याकडे. पण ते मोठ्या पॅकेजमध्ये. तुमच्या पॅकेजला दार नाही." मग ती दवाखान्याचे व्यवस्थापक दुत्रा यांच्याकडे गेली. दुत्रा वाईट माणूस नव्हते. पण जे मागितलं जाईल त्याला आधी नाही म्हणायचं, मग ऐकायचं, अशी त्यांना सवय होती.

"मोठं पॅकेज? बजेट कुठाय? आणि तेसुद्धा बदली बायांसाठी?"

बजेटचं तिला काही वाटलं नाही. 'बदली बायांसाठी' हे तीन दिवस तिच्या घशात अडकून राहिलं.

शेवटी ती शेजारच्या टेबलावरच्या वॉशिंग्टनकडे वळली. आमच्याकडे वॉशिंग्टन नावाची माणसं पैशाला पासरी. हा पिंतोसांचा वॉशिंग्टन, शिकलेला, शांत, दवाखान्याचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा. त्यानं तिचं ऐकून घेतलं, तुंबा भरून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "दार नाही तर नाही. तू रोज ज्या वाटेनं जातेस त्याच वाटेनं एखादा प्रोग्राम जाऊ शकतो. तू जे बटण दाबतेस तेच तो दाबेल. सॉफ्टवेअरला वाटेल, इरासेमाच आली."

"मग आजवर बोलला का नाहीस रे?"

"कारण ते काड्यांच्या खुर्चीवर बसण्यासारखं आहे. कंपनीनं बटण इकडचं तिकडे केलं की आपटलीस."

"आपटले तर उठेन."

वॉशिंग्टननं प्रोग्राम लिहिला आणि इरासेमा शेजारी बसून सांगत राहिली. कुठे पडदा उशिरा येतो, कुठे पटकन दाबलं तर ते रुसतं, कुठे वॉर्ड बदलला की हुद्दा पुसला जातो. हळूहळू तीही लिहायला शिकली. चुका करत, स्वतःला शिव्या देत. आता आस्थापनेत नाव पडलं की थोड्या वेळात कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपोआप हालचाल व्हायची. रकाने भरले जायचे, बटणं दबायची, खातं तयार. नर्सनी त्या प्रोग्रामचं नाव ठेवलं मुकी. इरासेमाच्या खोलीत न बोलता काम करणारी ही पहिलीच म्हणून.

पुढच्या शनिवारी नाइर आली. तिनं काही विचारायच्या आतच इरासेमानं पडदा तिच्याकडे वळवला. नाइरनं थर्मास खाली ठेवला आणि स्वतःचं नाव सावकाश, ओठ हलवत वाचलं. "आईचं आडनावसुद्धा लिहिलंय," ती म्हणाली आणि घाईघाईनं वॉर्डात निघून गेली.

इथवर सगळं बरं चाललं. मग तुरिस्मोचा आठवडा आला.

गुड फ्रायडेच्या त्या आठवड्यात इतर देश देवळात जातात आणि आम्ही तंबू घेऊन नदीवर. अर्धा दवाखाना रजेवर असतो. इरासेमानं मुकीला आणखी एक काम शिकवून ठेवलं होतं: आस्थापनेच्या नोंदीत कुणापुढे 'रजा' दिसली की त्याचं खातं मिटायचं. तिचा विचार असा की मिटलेलं खातं कुणी उसनं देऊ शकत नाही. विचार ठीक होता. फक्त तिच्या ध्यानातून हे गेलं की कागदावरची रजा आणि खरी रजा यांचा या दवाखान्यात काडीचा संबंध नसतो. 'तू माझा गुरुवार कर, मी तुझा नाताळ करते,' हे वॉर्डात येर्बा पिता पिता ठरतं. कार्यालयाला कुणी सांगत नाही, आणि सांगायची पद्धतही नाही.

बुधवारी सकाळी एल्बिया खिडकीवर आदळली. एल्बिया म्हणजे अतिदक्षता विभागाची मुख्य नर्स आणि युनियनची प्रतिनिधी. चालत आली तरी मोर्चा आल्यासारखी वाटायची.

"इरासेमा! तुझ्या त्या मुकीला सांग, वॉर्डात उभ्या आहेत त्या नर्स आहेत, आणि जिला ती नर्स समजतेय ती कुन्यापिरू नदीवर मासे तळतेय!"

"पण त्यांची तर रजा आहे, कागदावर..."

"कागदावर? कागदावर तू अजून टेलिफोनवर आहेस!"

हे खरंच होतं. तिचा हुद्दा कुणी बदललाच नव्हता. इरासेमा खाली बसली आणि हातानं एकेक खातं उघडत गेली. एल्बिया डोक्याशी उभी राहून नावं सांगत होती, प्रत्येक नावापुढे एक शिवी जोडत.

"चूक माझी," शेवटचं नाव झाल्यावर इरासेमा म्हणाली. "मुकी रजेच्या वाटेला पुन्हा जाणार नाही. फक्त उघडेल. मिटायचं काम मी डोळ्यांनी बघून करीन."

"तुझे डोळे तरी काय मोठे दिवे लावतायत," एल्बिया म्हणाली आणि गेली.

पण बोभाटा झाला होता. तो दुत्रांच्या कानावर गेला आणि त्यांच्याकडून राजधानीत. सुट्ट्या संपताच पेद्रागोसा स्वतः आला. दुत्रांच्या खोलीत इरासेमाला बोलावलं. तिनं रीतीप्रमाणे तुंबा भरून पुढे केला. पेद्रागोसा एक घोट प्याला आणि "धन्यवाद" म्हणून परत दिला. म्हणजे पुढचा नको. दुत्रांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"बाई, करारात लिहिलंय," पेद्रागोसा म्हणाला. "खाती माणसानं उघडायची. यंत्रानं नाही."

"बटण दाबणारं बोट हाडामांसाचंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

त्यानं पान उलटून बोट ठेवलं. इरासेमानं चष्मा लावला आणि वाचलं.

"लिहिलंय खरं," ती म्हणाली. "पण ज्यानं लिहिलं त्यानं बदली नर्स कधी पाहिली नसावी."

"आम्ही दार विकतो, बाई. तुम्ही भिंतीला भोक पाडलंत."

"दार विकत बसा तुम्ही. आमची माणसं बाहेर उभी आहेत."

दुत्रांनी एक कागद पुढे सरकवला. प्रोग्राम बंद करीन, यापुढे खाती हातानं उघडीन, पुन्हा असं करणार नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली सहीची रेघ.

"सही करा, इरासेमा."

"नाही करत."

"तुमची जागा कशी टिकली आहे ते विसरू नका. टेलिफोन जाऊन किती वर्षं झाली? उद्या कुणी विचारलं, ही बाई कशासाठी, तर मी काय सांगू?"

"सांगा, तीही बदलीच आहे म्हणून." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तिला ओळखणारे याच आवाजाला जास्त भीत. "साहेब, टेलिफोन गेला तेव्हा तुम्ही माझी खुर्ची बदललीत. माझं नाव नाही पुसलंत. ओफेलियाची जागा वसंतात निघतेय. मुकी बंद झाली तर नाइरच्या नावावर पुन्हा काही राहणार नाही. मग पुन्हा तुमची समिती म्हणणार, ही कोण?"

"मुकी बंद करायची. हा हुकूम आहे."

"हुकूम आहे तर बंद करते. सही करणार नाही. आणि हातानं करीन ते तुमच्या परिपत्रकाप्रमाणे करीन."

"करा की," दुत्रा म्हणाले. कोणतं परिपत्रक हे त्यांना आठवत नव्हतं.

ते परिपत्रक दुत्रांनीच काढलेलं होतं. मागे एकदा उसन्या पासवर्डवर औषधाचा डोस दोनदा नोंदला गेला तेव्हाचं. स्वतःचं खातं नसेल तर पाळीवर उभं राहायचं नाही. पासवर्ड देणाऱ्यावर कारवाई होईल. प्रत्येक खात्यासाठी मुख्य नर्सचा लेखी अर्ज, त्यावर व्यवस्थापकांची स्वतःची सही, आणि आल्या क्रमानं काम. भिंतीवर चिकटवलं त्या दिवशी सगळ्यांनी वाचलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे विसरले होते.

इरासेमा सरळ एल्बियाकडे गेली. एल्बियानं मान वर केली नाही.

"तुझ्या मुकीनं माझा तुरिस्मोचा आठवडा खाल्ला. आता ती मेली तर मी काय मेणबत्ती लावू?"

"मेणबत्ती नको. फक्त कुणी पासवर्ड देऊ नका. परिपत्रक पाळा."

एल्बियानं पेन खाली ठेवलं. या गावात युनियन म्हटलं की लोकांना संप आठवतो. पण संपापेक्षा जालीम हत्यार असतं, आणि ते एल्बियाला चांगलं चालवता यायचं.

"नियमानुसार काम?"

"अक्षरन् अक्षर."

"रुग्णाचं औषध एक मिनिट थांबणार नाही. आधीच सांगते."

"थांबवायचं नाहीच. पूर्वीसारखं कागदावर लिहा. सॉफ्टवेअरला कोण हात लावणार, एवढाच प्रश्न आहे."

एल्बिया उठली. "हे मी नाइरसाठी करतेय. तुझ्यासाठी नाही."

"माहितीये."

"आणि त्या आठवड्याचं तू मला देणं लागतेस."

"ते पण माहितीये."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला बोलावलेल्या बदली नर्स आल्या आणि खातं नाही म्हणून व्हरांड्यातल्या बाकांवर बसल्या. थर्मास निघाले, कुणीतरी बेकरीतून गरम बिस्कोचो आणले. बोलावलं म्हणजे पाळी भरली, असा युनियनचा करार. त्यामुळे बसल्याचा पगार चालूच. आत कायम नर्स धावत होत्या, कागदावर लिहीत होत्या, आणि कुणी आपलं नाव कुणाला देत नव्हतं. एल्बियाचे अर्ज एकामागून एक दुत्रांच्या टेबलावर जात होते. अर्जावर सही झाली की इरासेमा तो उचलायची, खिडकीत बसायची, एकेक रकाना भरायची, बटण दाबायची, थांबायची. मुद्दाम हळू नाही, आणि मुद्दाम भरभरही नाही. एक नाव तयार होईपर्यंत टेबलावर आणखी काही अर्ज पडलेले असायचे. संध्याकाळच्या पाळीच्या बायका आल्या तेव्हा दुपारच्यांची खाती तयार झाली, आणि दुपारच्या बायका घरी गेल्या. मग ती खाती बंद करायचे अर्ज आले. त्यांनाही सही.

औषधभांडाराचा प्रमुख दुत्रांकडे आला. "साहेब, फडताळं रिकामी होतायत आणि पडद्यावर सगळं भरलेलं दिसतंय. मी मागणी कशावरून करू?"

"सही करतोय ना मी!" दुत्रा ओरडले. त्यांची बोटं शाईनं निळी झाली होती.

आठवडा असाच गेला. बाहेरून पाहणाऱ्याला दवाखाना कधी नव्हे इतका शिस्तीत चालला होता. मधूनच नाइर खिडकीशी यायची आणि इरासेमाच्या तोंडाकडे पाहायची. एकदा म्हणाली, "सोड ग. तुझं पेन्शन जाईल माझ्यापायी."

"तुझ्यापायी? स्वतःला फार समजतेस. बाकावर जाऊन बैस, पगार वाढव."

ती गेल्यावर मात्र इरासेमानं खिडकी लावून घेतली. घराचं छप्पर अर्धंच घालून झालं होतं. नोकरी गेली तर तसंच राहणार होतं.

दुत्रा स्वतः खाली आले ते शुक्रवारी. व्हरांड्यातल्या बायका त्यांच्यासाठी उठल्या नाहीत. पाय मात्र आवरून घेतले. एकीनं त्यांच्यापुढे तुंबा धरला. त्यांनी तो घेतला, उभ्या उभ्या प्यायले, आणि 'धन्यवाद' न म्हणता परत दिला. तिनं तो पुन्हा भरला.

"चालू करा ती," दुत्रा खिडकीशी येऊन म्हणाले.

"कोण ती?"

"इरासेमा, अंत पाहू नका."

"लिहून द्या."

"मी तोंडानं सांगतोय ना!"

"तोंडानं ठरलेलं कागदाला माहीत नसतं, साहेब. त्यानं काय होतं ते तुरिस्मोच्या आठवड्यात मी भोगलंय. लिहून द्या. व्यवस्थापनाच्या हुकमानं आणि जबाबदारीवर."

दुत्रांनी खिसे चाचपले. सापडला तो तिच्या सहीसाठी टाइप केलेलाच कागद. तो त्यांनी उलटा केला, खिडकीच्या फळीवर ठेवला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं. लिहिताना एकदा थांबले.

"कंपनीनं करार मोडला तर?"

"मोडणार नाहीत. या गावात दुसरं गिऱ्हाईक कुठाय त्यांना? आणि मोडलाच तर कागदावर औषध लिहायची सवय आता आहेच की सगळ्यांना."

त्यांनी सही केली. तिनं चष्मा लावून कागद पूर्ण वाचला, मग मुकी चालू केली. बाकावरून एकेक बाई उठून आत गेली.

सप्टेंबरात आमच्याकडचा वसंत आला आणि समिती बसली. अतिदक्षता विभागातल्या नाइर सिल्वेराच्या नोंदी पाहायला त्यांना पानामागून पान सरकवावं लागलं. एका सदस्यानं विचारलं, "ही बाई आजवर होती कुठे?" एल्बिया तिथे युनियनतर्फे बसली होती. ती म्हणाली, "वॉर्डात." बाकी काही बोलली नाही, आणि एल्बियाच्या बाबतीत ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. जागा नाइरला मिळाली.

पुढे कंपनीनं सॉफ्टवेअरचा पडदा बदलला. 'नवीन वापरकर्ता' डावीकडून उजवीकडे गेलं, त्याचा रंगही बदलला. मुकी जुन्या जागेवर दाबत राहिली आणि काहीच होईना. वॉशिंग्टननं नुसतं इरासेमाकडे पाहिलं. "बोलू नकोस," ती म्हणाली, "बैस इथे." त्या दिवशीच्या बदली नर्सची खाती तिनं हातानं उघडली, तोंडानं कंपनीच्या सात पिढ्या उद्धरत, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दोघांनी मिळून मुकीला नवी वाट दाखवली.

वर्षाअखेर पेद्रागोसा करार पुढे चालवायला आला. जाताना खिडकीशी थांबला. गोडच बोलला.

"अजून चालू आहे म्हणे तुमची ती?"

"चालू आहे."

"पडदा बदलला तरी?"

"अर्धा दिवस आंधळी झाली होती. आता दिसतं तिला."

"आम्ही पुन्हा बदलणार आहोत हं, बाई. आता तर एक कोडंही घालतोय. चित्रातले सिग्नल ओळखा, असं काहीतरी. माणसालाच सुटेल असं."

इरासेमानं तुंबा भरला, त्याच्यापुढे धरला आणि तो घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"घाला की," ती म्हणाली. "माझं पेन्शन अजून लांब आहे."